फ्रँकफर्टहून एका दिवसात ऱ्हाईन: पाच जणांच्या कुटुंबाच्या सहलीचं प्रकरण

प्रकरणासाठी घेतलेलं कुटुंब नमुन्याचं आहे, पण अशी कुटुंबं दर हंगामात फ्रँकफर्टला उतरतात. नवरा-बायको, ७२ वर्षांच्या आजी, १३ वर्षांची मुलगी आणि ९ वर्षांचा मुलगा. सप्टेंबरचा मध्य. मुक्काम फ्रँकफर्टच्या मुख्य स्थानकाजवळ. हाताशी शनिवार, रविवार आणि सोमवार, त्यातला एक दिवस ऱ्हाईन नदीला द्यायचा आहे. आजींचा गुडघा दुखरा आहे. सपाटीवर अर्धा-पाऊण तास आरामात चालतात, जिना कठड्याला धरून सावकाश चढतात. मुलीला किल्ला आतून बघायचाय. मुलगा एका जागी दीड तासापेक्षा जास्त बसत नाही, हे आईवडिलांनी आधीच सांगून टाकलंय.

त्यांचा पहिला बेत असा होता: सकाळी रेल्वेने कोब्लेन्झला जायचं, तिथे बोटीत बसायचं आणि अख्खी दरी बघत रुडेसहाइमला उतरायचं. बहुतेकांचा बेत असाच असतो, कारण कोब्लेन्झपासून रुडेसहाइम-बिंगनपर्यंतचा सुमारे ६५ किलोमीटरचा पट्टा २००२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. वारसा म्हटलं की पूर्ण बघावा असं वाटतंच.

हा बेत का मोडला

ऱ्हाईनच्या काठांवर दर किलोमीटरला मोठ्या आकड्यांच्या पाट्या आहेत. मोजणी कॉन्स्टान्झच्या पुलापासून सुरू होते आणि ओघाबरोबर आकडा वाढत जातो. बिंगन साधारण ५२९ वर, बाखाराख ५४३, काउब ५४६, लोरेलायचा खडक ५५४, सांक्ट गोआर ५५६, बोपार्ड ५७० आणि कोब्लेन्झचा संगम ५९२. म्हणजे कोब्लेन्झहून रुडेसहाइमला येणारी बोट आकडे उलटे मोजत, प्रवाहाच्या विरुद्ध चढत येते. या चढाला थांब्यांसह जवळजवळ सहा तास लागतात. तोच प्रवास ओघाने केला तर चार तासांच्या आसपास.

फरक एवढा मोठा का, हे छोट्या हिशोबाने कळतं. बिंगन ते सांक्ट गोआर हे अंतर २७ किलोमीटर. ओघाने जाताना साधारण १ तास २५ मिनिटं लागतात, म्हणजे ताशी १९ किलोमीटर. उलट येताना सुमारे २ तास ४० मिनिटं, म्हणजे ताशी १० च्या आसपास. बोटीचा पाण्यातला वेग दोन्ही वेळा जवळपास तोच असतो. नदी एकदा ताशी चार-पाच किलोमीटर हाती देते आणि एकदा तेवढेच काढून घेते. चढत्या बोटीत तोच किल्ला वीस मिनिटं समोर राहतो. पहिल्या तासात हे फार छान वाटतं. तिसऱ्या तासात मुलगा बोटीभर धावत असतो आणि आजी आतल्या टेबलावर डुलक्या काढत असतात.

दुसरं असं की दरीतला दाट भाग एकसारखा पसरलेला नाही. बिंगन ते सांक्ट गोआर या २७ किलोमीटरमध्ये किल्ले इतके जवळजवळ आहेत की एक मागे जाईपर्यंत दुसरा दिसायला लागतो. बोपार्डच्या पुढे दरी रुंदावते. त्या पट्ट्यातही ब्राउबाखचा मार्क्सबुर्ग आहे, कधीही उद्ध्वस्त न झालेला. त्याचा मोह सोडावा लागतो, पण या कुटुंबाला तो सोडणंच योग्य.

म्हणून निर्णय: बिंगनला बसायचं, ओघाने सांक्ट गोआरला उतरायचं, परत रेल्वेने. तासा-दीड तासात दरीतला सगळ्यात चांगला भाग होतो, आणि मुलाची मर्यादाही ओलांडली जात नाही.

रुडेसहाइम का नको

रुडेसहाइमचं नाव जास्त प्रसिद्ध आहे आणि बोट तिथूनच आधी सुटते. बिंगनला ती पाव तासानंतर येते. तरी बिंगन निवडलं, कारण नदीचे काठ. माइंझ-वीसबाडेन सोडलं की थेट कोब्लेन्झपर्यंत ऱ्हाईनवर एकही पूल नाही. ओलांडायचं तर काठ ते काठ जाणाऱ्या फेरीबोटीने. ओघाच्या दिशेने तोंड केलं की रुडेसहाइम उजव्या काठावर, बिंगन आणि सांक्ट गोआर डाव्या काठावर. उजव्या काठाने आरबी १० ही गाडी धावते (फ्रँकफर्ट, वीसबाडेन, रुडेसहाइम, सांक्ट गोआर्सहाउझन, कोब्लेन्झ), डाव्या काठाने आरबी २६ (माइंझ, बिंगन, बाखाराख, सांक्ट गोआर, कोब्लेन्झ). चढणं आणि उतरणं एकाच काठावर ठेवलं तर दिवसभरात एकच लोहमार्ग सांभाळावा लागतो, आणि काही बिघडलं तर त्याच मार्गावर उपाय सापडतो. शिवाय २०२६ मध्ये १० जुलै ते १२ डिसेंबर उजव्या काठाचा लोहमार्ग मोठ्या दुरुस्तीसाठी बंद ठेवण्याचं नियोजन आहे. त्या काळात रुडेसहाइमला पोचायला बदली बस घ्यावी लागेल. डाव्या काठावर तेव्हा जादा गाड्या वळवल्या जातील, म्हणून वेळेत थोडी सैल जागा ठेवावी.

बिंगनमध्ये एक सापळा आहे. गावाला दोन स्थानकं आहेत: बिंगन हाउप्टबानहोफ आणि बिंगन श्टाट. मुख्य स्थानक म्हटलं की माणूस तिथेच उतरतो. बोटीचे धक्के मात्र श्टाट स्थानकाजवळ आहेत, आणि दोन्हींत सुमारे दोन किलोमीटर अंतर आहे. आजींना घेऊन ते अंतर सकाळी घाईघाईने तुडवायचं म्हणजे दिवसाची सुरुवातच दमछाकीने. अॅपमध्ये गाडी शोधताना शेवटचं स्थानक ‘बिंगन (ऱ्हाईन) श्टाट’ असंच टाकायचं. फ्रँकफर्टहून माइंझला गाडी बदलून सव्वा तासाच्या आसपास लागतो.

वार आणि तिकीट

रविवार निवडला. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे खरेदीला शनिवार-सोमवार मोकळे राहतात. दुसरं कारण तिकिटाचं. ‘क्वेर-डुर्श्स-लांट’ नावाचा देशभर चालणारा दिवसाचा पास एक जण आणि सोबत चार जण अशा पाच जणांना पुरतो, फक्त स्थानिक आणि प्रादेशिक गाड्यांत. सोमवार ते शुक्रवार तो सकाळी ९ नंतरच चालतो, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून. सोमवारी ९ ची अट पाळून निघालं तर सकाळची बोट हुकायची भीती, रविवारी ती अडचण नाही.

पासवर प्रत्येकाचं नाव लिहिलेलं हवं आणि तपासनिसाने मागितला तर पासपोर्ट दाखवता यायला हवा. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत हा पास चालत नाही. फ्रँकफर्ट-माइंझ मार्गावर त्या गाड्याही त्याच फलाटांवरून जातात, म्हणून ‘आधी आली ती गाडी’ असं करायचं नाही. स्वस्त पडतो म्हणून ऱ्हाईनलांड-प्फाल्झ राज्याचा पास घेणारेही दिसतात. तो बिंगन आणि सांक्ट गोआरला चालतो, फ्रँकफर्टला नाही, कारण फ्रँकफर्ट हेस्सेन राज्यात आहे. फ्रँकफर्ट परिसराचा दिवसाचा पास उलट्या बाजूने अपुरा, तो सांक्ट गोआरपर्यंत पोचत नाही.

बोटीचं तिकीट वेगळं. या पट्ट्यात नियमित थांबे घेत जाणारी मुख्य कंपनी केडी, १८२६ पासूनची. हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर, आणि भर हंगामातही दिवसाच्या फेऱ्या मोजक्या. म्हणून आधी बोटीची वेळ पक्की करायची आणि मग तिच्या मागे रेल्वेची. कंपन्या अनेक आहेत, प्रत्येकीचा धक्का वेगळा, आणि एकीचं तिकीट दुसरीच्या बोटीवर चालत नाही. तिकीट काढताना ‘बिंगन ते सांक्ट गोआर, एकेरी’ असं स्पष्ट सांगायचं. बिंगन-रुडेसहाइमहून ‘किल्ल्यांची फेरी’ म्हणून दीड-पावणेदोन तासांच्या गोल फेऱ्याही विकल्या जातात. त्या सुरुवातीचे तीन-चार किल्ले दाखवून वळतात, लोरेलायपर्यंत जातच नाहीत. ज्यांना खडक बघायचाय त्यांनी फलकावरचा नकाशा बघूनच पैसे द्यावेत.

बोटीवरचे ८५ मिनिटं

धक्का म्हणजे तरंगता तराफा; काठापासून त्याच्यापर्यंत लोखंडी पूल असतो. पाणी भरपूर असेल तेव्हा तो पूल जवळजवळ आडवा असतो. पाणी उतरलं की तराफा खाली जातो आणि पूल घसरगुंडीसारखा तिरका होतो. सप्टेंबर-ऑक्टोबर हा ऱ्हाईनला पाणी कमी असण्याचा काळ, म्हणून आजींना गर्दी सुटेपर्यंत थांबवून, कठड्याच्या बाजूने, एक जण पुढे ठेवून उतरवायचं. बोट धक्क्याला दोन-चार मिनिटंच थांबते, पण चढणाऱ्यांना टाकून जात नाही.

जागा राखीव नसतात. वरच्या उघड्या डेकवर जायला जिना आहे. आजी एकदा चढतील, पुन्हा पुन्हा नाही. त्यामुळे आधी वरच बसवायचं आणि खाली यायचं ते उतरायच्या वेळी. सप्टेंबरच्या सकाळी डेकवर बोटीच्या वेगाने सतत वारं लागतं, ऊन असलं तरी. जाकीट आणि कानाला काहीतरी हवंच. आतल्या टेबलांवर वेटर येतो आणि काहीतरी मागवणं अपेक्षित असतं. बोटीवर आपला डबा उघडायची सहसा मुभा नसते, म्हणून सकाळचं खाणं बिंगनच्या नदीकाठच्या बाकांवर उरकून घ्यावं. शाकाहाराला बोटीवर बटाट्याच्या तळलेल्या काड्या, सॅलड आणि केक यांच्यापलीकडे फारशी आशा ठेवू नये.

बसायचं डाव्या बाजूला. ओघाने जाताना डावा काठ डाव्या हाताला येतो, आणि बाखाराखपर्यंत किल्ल्यांची रांग बहुतेक याच काठावर आहे: ऱ्हाईनश्टाइन, राइखेनश्टाइन, झोनेक, फ्युर्स्टेनबर्गचे अवशेष, मग बाखाराखच्या डोक्यावरचा श्टालेक, जिथे आता युवा वसतिगृह आहे. सकाळचं ऊनही याच काठावर पडतं. उजवीकडे सुरुवातीलाच एरेनफेल्सचे पडके बुरूज आणि नदीत बेटावरचा ‘उंदरांचा मनोरा’ येतो. हा मनोरा १९७४ पर्यंत बिंगर लोख या नदीच्या अरुंद भागातून जाणाऱ्या जहाजांना खुणा करण्यासाठी वापरात होता. निघाल्यावर लगेच येतो, त्यामुळे बॅगा लावत बसलेल्यांचा हमखास चुकतो.

काउबजवळ नदीच्या मधोमध प्फाल्झग्राफेनश्टाइन उभा आहे, १३२७ च्या सुमाराचा, जहाजासारख्या आकाराचा. हा राजवाडा नव्हता, जकात नाका होता. या दरीत किल्ल्यांची एवढी दाटी का, याचं मोठं उत्तर इथे समोर दिसतं: प्रत्येक सरदाराला नदीवरचा कर हवा होता. ऱ्हाईनवरची जकात पुरती संपली ती १८६८ च्या मानहाइम करारानंतर.

काउब गेलं की उजवीकडे आणि पुढे सरकायचं. ओबरवेझेलपासून सांक्ट गोआरपर्यंत पात्र अरुंद आणि वळणांचं आहे. वळणापलीकडचं जहाज दिसत नाही. म्हणून इथे काठावर दिव्यांच्या खुणा आहेत. त्या चढत्या जहाजांना सांगतात की वरून ओघाने काय येतंय. थांबायचं ते चढणाऱ्याने, कारण ओघाने येणाऱ्या लांब मालवाहू जहाजाला आयत्या वेळी थांबता येत नाही. मुलाला नुसत्या किल्ल्यांपेक्षा हे जास्त आवडेल. तोवर किलोमीटरच्या पाट्या वाचायचा खेळ चालू ठेवावा.

लोरेलाय म्हणजे १३२ मीटर उंचीचा पाटीच्या दगडाचा कडा. दंतकथेत इथे बसून गाणारी, खलाशांना भुलवणारी तरुणीही याच नावाची. खरं सांगायचं तर नावाच्या मानाने तो साधा दिसतो. बोटीवर त्याचं गाणं लागतं, सगळे उजवीकडे धावतात, पाच मिनिटांत संपतं. सकाळच्या फेरीत या कड्यावर ऊन नीट पडत नाही, त्यामुळे फोटो काळपट येतो. बांधाच्या टोकावर लोरेलायचा पुतळा आहे. तो हवा असेल तर कडा मागे पडेपर्यंत जागा सोडू नये.

उतरताना कान उघडे ठेवायचे. सांक्ट गोआर डाव्या काठावर, सांक्ट गोआर्सहाउझन बरोबर समोर उजव्या काठावर, बोट दोन्हीकडे थांबते. ध्वनिवर्धकावर दोन्ही नावं सारखीच ऐकू येतात. चुकीच्या काठावर उतरलंच तर घाबरायचं कारण नाही, दोन गावांमध्ये फेरीबोट चालते. वेळ आणि थोडे युरो जातात, इतकंच.

सांक्ट गोआर: इथे कुटुंब दोन गटांत

ऱ्हाईनफेल्सचा किल्ला गावाच्या डोक्यावर आहे. काटझेनएलनबोगेनच्या सरदाराने १२४५ मध्ये जकातीसाठीच बांधायला घेतला, आणि १७९७ पर्यंत फ्रेंचांनी सुरुंग लावून उडवला. उरलेले अवशेषही दरीत सगळ्यात मोठे आहेत. वाट चढणीची, वीस-पंचवीस मिनिटांची. आत उंचसखल पायऱ्या आणि अंधारे बोळ. आजींनी जाऊ नये. वडील आणि दोन्ही मुलांनी जावं, टॉर्च न्यावी, बंद बुटांनी जावं. डागडुजीमुळे काही भाग बंद असू शकतात, म्हणून आदल्या दिवशी किल्ल्याच्या संकेतस्थळावर बघून घ्यावं. मुलीला जे बोळ बघायचेत तेच नेमके बंद निघाले तर रुसवा अटळ.

आई आणि आजींसाठी खालचा पादचारी रस्ता सपाट आहे, बाक आहेत, कॉफी आहे. अडीच तास दोन्ही गटांना पुरतात.

परतीची आरबी २६ साधारण तासाला एक. गाडीत डाव्या बाजूला बसायचं, नदी तिकडे असते. सांक्ट गोआर सोडल्यावर लगेच तीन बोगदे लागतात, त्यात लोरेलाय बराचसा झाकला जातो. ओबरवेझेलनंतर मात्र सकाळी सावलीत राहिलेला उजवा काठ दुपारच्या उन्हात दिसतो, त्यात काउबचा गुटेनफेल्स किल्लाही. रविवारी संध्याकाळी सायकलवाल्यांची गर्दी असते. सायकलच्या डब्यापासून लांबच्या दाराने चढलं तर आजींना जागा मिळण्याची शक्यता जास्त. फ्रँकफर्टला पोचायला पावणेदोन ते दोन तास धरावेत.

बोट हुकली तर

माइंझची गाडी उशिरा आली आणि बिंगनला बोट डोळ्यांसमोर निघून गेली, तरी दिवस गेलेला नाही. बोटीला बाखाराखला पोचायला पाऊण तास लागतो, रेल्वेला पाव तासाच्या आसपास. पुढच्या पंधरा मिनिटांत आरबी २६ असेल तर तीच बोट बाखाराखला गाठता येते. त्यासाठी दोन गोष्टी आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवाव्यात: बोटीची बाखाराखची वेळ आणि बिंगन श्टाटहून त्या तासाच्या गाडीची वेळ. बाखाराखचं स्थानक आणि धक्का यांत थोडंच अंतर आहे, पण आजींच्या चालीने दहा-पंधरा मिनिटं धरावीत. गाडी जुळत नसेल तर पुढच्या बोटीपर्यंत बिंगनमध्येच थांबावं आणि किल्ल्याचा वेळ कमी करावा.

पाणी बघायचं कसं

शुक्रवारी रात्री आणि रविवारी सकाळी ‘पेगेल काउब’, म्हणजे काउबच्या पाणीमापीवरचा आकडा बघायचा. जर्मन जलमार्ग प्रशासनाच्या पेगेलऑनलाइन या संकेतस्थळावर तो सतत बदलत दिसतो. हा आकडा नदीची खोली नाही, एका ठरलेल्या शून्यापासूनची उंची आहे. या पट्ट्यात आकडा सुमारे ७८ सेंटीमीटर असताना जहाजांच्या मार्गात १.९० मीटर पाणी मिळावं, अशी देखभाल होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये तो २५ पर्यंत उतरला होता, तेव्हाही मार्गात त्या हिशोबाने १.३७ मीटर पाणी होतं. आकडा ७८ च्या खाली असेल तर प्रवासी बोटी काही धक्के गाळू शकतात किंवा वेळापत्रक बदलतात, म्हणून कंपनीचं पान बघितल्याशिवाय निघू नये. वरच्या बाजूला दोन खुणा आहेत: ४.६० मीटरला जहाजांवर निर्बंध येतात, ६.४० मीटरला वाहतूक थांबते. सप्टेंबरमध्ये पूर क्वचित. हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला तो विचारात घ्यावा लागतो. शरदात सकाळचं धुकंही बोट उशिरा काढतं.

सप्टेंबरमध्ये आणखी एक बघायचं: ओबरवेझेल आणि सांक्ट गोआरला ‘ऱ्हाईन इन फ्लामेन’ या आतषबाजीच्या शनिवार-रात्री असतात. त्या शनिवारी दुपारपासूनच गाड्या आणि धक्के तुंबतात. दुसऱ्या दिवशीच्या रविवारी सकाळी मात्र फारसा त्रास नाही.

नदी बंदच असेल तर तोच पास वापरून डाव्या काठाच्या गाडीने बाखाराखला उतरावं, तटबंदीच्या आतलं गाव बघावं, पुढच्या गाडीने सांक्ट गोआरला जाऊन किल्ला करावा. फेरीबोट चालू असेल आणि उजव्या काठाचा लोहमार्ग दुरुस्तीसाठी बंद नसेल, तर पलीकडे जाऊन उजव्या काठाच्या आरबी १० ने परतावं. तेव्हा खिडकी उजव्या बाजूची धरायची. पुरात फेरीबोटी प्रवासी बोटींच्याही आधी थांबतात, त्यामुळे काठावर उतरण्याआधी परतीची गाडी डाव्याच बाजूची बघून ठेवावी.